पोट्ट्यायले बसाले जागा

माहं नाव सत्तार, पन गावात मले त्या नावानं कोणी हाक मारत नाई, मोठे माणसं बिछायतवाला म्हणतात अन् लहान लेकरं बिछायतवाले चाचा म्हणतात, एवढं लांब नाव घेता घेता त्यायले दम लागते तरी तेच म्हणतात. ब्रह्मपुरीच्या अल्याड, नहराच्या काठानं आमचं गाव आहे, त्याचं नाव मात्र छापू नका बाप्पा, काऊन का मी जे सांगणार आहो त्यात आमच्या गावचे चांगले चांगले बुढे येतात अन् मले अजून याच गावात राहाचं आहे. गोमाजीभाऊचं नाव येईन आता, तेही मी बदलवून सांगून राह्यलो, खरं नाव दुसरं आहे, पन कोणी वाचून दाखवलं तं त्यायले कळनच, अन् कळलं तं कळलं.

माहे अब्बा गॅसबत्तीवाले होते. आमच्या झाडीत, म्हणजे या झाडीपट्टीत, कसं आहे, दिवाळी झाली, धान निघालं, का गावोगाव नाटकं सुरू होतात, तवा लाइटीचा पत्ता नव्हता तं अब्बा गॅसबत्त्या भाड्यानं देत, डोक्यावर घेऊन या गावाहून त्या गावाले जात. मंग सतरंज्या घेतल्या, मंग गंज, कढया, पराती घेतल्या, मंग बांबू अन् मंडपाचं कापड, असं करत करत आमचं बिछायत केंद्र झालं, आता तं खुर्च्या आहेत, सोफे आहेत नवरदेवाचे, कुलर आहेत. मी शाळेत पाचवीपर्यंत गेलो, पन खरं सांगू का, माही शाळा सतरंजीवरच झाली. माणसं बसवणं हा आमचा धंदा. तुमाले वाटन त्यात काय आहे, टाकली सतरंजी, बसले लोक. तसं नसते भाऊ. नाटकाच्या मैदानात जमीन खोदून उतार करा लागते, म्हणजे मांगच्याले पुढच्याचं डोस्कं आडवं येत नाई. लग्नात नवरीच्या मामाले कुठी बसवाचं, रुसलेल्या जावयाले कुठी बसवाचं, बायायले वारा कुठून येईन, बुढ्यायले टेकाले खांब आहे का नाई, हे सगळं पाहा लागते. अन् आमच्या अब्बानं एक गोष्ट मले पक्की शिकवली होती, का बसलेल्या माणसाले कधी उठवाचं नाई. तो चुकीच्या जागी बसला असंन तं दुसरीकडं त्याहून चांगली बिछायत टाकाची, तो आपल्या पायानं उठून जाते. उठ म्हणलं का भांडण झालंच, अन् लग्नातलं भांडण आमच्याकडं तीन पिढ्या चालते.

हमीदा माही बायको, नागभीडकडची. मोठे दोन पोट्टे आपापल्या धंद्याले लागले, एक ब्रह्मपुरीले आहे, एक नागपूरले. सगळ्यात लहान शबनम. घरी आम्ही हिंदीत बोलतो, पन शबनमले राग आला का ती मराठीत बोलते, म्हणून तिचं मराठी सुरू झालं का हमीदा मले डोळ्यानं खुणावते का गप राहा आता.

तं शबनमची गोष्ट अशी का तिनं बी.ए. केलं, ब्रह्मपुरीले बसनं येणं-जाणं करून केलं, अन् पोलीस भरतीची तयारी कराले लागली. आमच्याकडचे सगळेच पोट्टे-पोट्टी करतात, सकाळी नहराच्या रस्त्यानं पाहा तुमी, पळूनच राह्यले असतात. माही पोट्टीबी पळे, हरणासारखी पळे. भरतीले गेली अन् थोडक्यात राह्यली. घरी आली, रडली, हमीदानं तिले जवळ घेतलं, मी म्हणलं पुढच्या वेळेस होईन, अन् मले वाटलं झालं, संपलं. पन संपलं नाई. ती घरातून बाहेर निघनाच. पळणं बंद, बोलणं बंद. दुकानात जा म्हणलं तं तुमी जा म्हणे. गावचे लोक वाईट नाईत हो, लहानपणापासून पाह्यलेलं लेकरू आहे, मायेनंच विचारतात, काय झालं वं तुह्या भरतीचं. पन मायेनं विचारलं तरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत जो भेटते तो तेच विचारते, तं माणसानं काय कराचं. मले फार वाईट वाटे. साऱ्या तालुक्याचे लोक मी बसवले, अन् माह्या पोट्टीले गावात एक घडी बसाले जागा नाई, हे मनातून जायेच ना.

अशात आमची सरपंच आली घरी. पल्लवी तिचं नाव, शबनमहून थोडीशीच मोठी असंन, गावची सून आहे, शेतीवाल्या घरची, बोलाले गोड पन ठरवलं ते करते. तिनं खटपट करून गावातल्या तरुण पोट्ट्या-पोट्टीयसाठी एक सभागृह मंजूर करून आणलं होतं. म्हणे, चाचा, मले अशी इमारत पायजे का पोट्टे-पोट्टी आपल्या पायानं आंदर येतीन, बोलवा लागणार नाई, अन् बसवाचं तुमाले जसं कळते तसं गावात कोणाले कळत नाई, तुमी कमिटीत या. आता सरपंच आपल्या दारात येऊन असं म्हणते म्हणल्यावर माणूस फुगन का नाई फुगन. मी फुगलो. चहा पाजला, हाव म्हणलं. अन् मनात शबनमचाच विचार होता, का चला, हिच्यासाठीच बांधतो.

पन गावात सगळ्यात मोठी अडचण काय होती सांगतो. आमच्या गावात आजपर्यंत जे जे बांधलं, त्यात धान भरलं. समाजमंदिर बांधलं, त्यात धान. शाळेची जुनी खोली खाली झाली, त्यात धान. व्यायामशाळा बांधली होती पोट्ट्यायसाठी, तिच्यात आजबी पोत्यायच्या खाली ते लोखंडी वजनं दबून आहेत, कोणी पाहाले गेलं नाई. धानाच्या मुलखात रिकामी खोली कोणाले पाहवतच नाई, त्याचं वाईट वाटते लोकायले, का अरे एवढी जागा फुकट जाऊन राह्यली. तं ग्रामसभेत गोमाजीभाऊ उभे राह्यले. गोमाजीभाऊ म्हणजे आमच्या गावचे मोठे शेतकरी, बोललेला शब्द न मोडणारे, अन् दुसऱ्यालेही मोडू न देणारे. ते म्हणाले, बांधा, माही ना नाई, पन धान घरी येईपर्यंत जर ते रिकामंच राह्यलं तं त्यात पोते ठेवाचे, हे आताच ठरवून टाका. सगळ्यायनं हात वर केले. पल्लवीनंही केला, नाई केला असता तं इमारतच पास झाली नसती. बाहेर येऊन मले म्हणे, चाचा, आता हे रिकामं राह्यलं तं माही सरपंचकी गेली समजा, पुन्हा या गावात पोट्ट्यायसाठी कोणी एक वीट लावणार नाई.

मंग तालुक्याहून इंजिनियर म्याडम आली. तीबी पोरगीच, स्कुटीवर आली धुळीनं भरून. तिनं नकाशा काढला होता. एक मोठी खोली, समोर दार, मांगं दार, खिडक्या खाली, बसल्या बसल्या बाहेर दिसन अशा, अन् कोपऱ्याकोपऱ्यात बसाची जागा. मी पाह्यलं, उलटा करून पाह्यलं, म्हणलं म्याडम, स्टेज कुठी आहे. ती म्हणे स्टेज नाई. म्हणलं नाई म्हणजे. अहो, झाडीतलं सभागृह अन् स्टेज नाई, हे म्हणजे भात वाढला अन् वरण द्यालेच विसरले. आमच्याकडं बारसं असलं तरी लोक आधी विचारतात स्टेज कोणत्या तोंडाचं आहे. अन् मांगचं दार कायले, म्हणलं, मांगून फक्त चोर येतात नाई तं नाटकातला व्हिलन येते. सगळे हसले. सारं गाव माह्या बाजूनं. मी सांगितलं, समोर मोठा ओटा पायजे, चौकाकडं तोंड करून, येणाऱ्या माणसाले वाटलं पायजे का आपलं स्वागत होऊन राह्यलं, अन् आंदर समोरच्या भिंतीले स्टेज. म्याडमनं मले एकच विचारलं, चाचा, पोट्ट्यायले विचारलं का. मी म्हणलं, त्यायच्या बारशाले मंडप मीच टाकला, मले काय विचाराचं. तरी पल्लवीनं ग्रामसभेत सगळ्यायच्या समोर विचारलं, पोट्टेहो, चालते ना असं. सगळे पोट्टे मुंड्या खाली घालून हाव म्हणाले. आता समोर बाप बसला आहे, आबाजी म्हणजे आजा बसला आहे, तिथं कोणतं पोट्टं नाई म्हणन. पन ते मले तवा सुचलं नाई.

तं झालं बांधून. काय सांगू तुमाले, ओटा तं असा झकास झाला का बसल्यावर उठावंच वाटे ना. गुळगुळीत फरशी, टेकाले खांब, नहराकडून वारा, समोर पूर्ण चौक दिसते. अन् स्टेज मी स्वतः उभं राहून बांधून घेतलं, उंची माह्या मापानं. उद्घाटन झालं, पुढारी आले, स्टेजवर खुर्च्या, खाली सतरंजीवर पोट्ट्यायच्या रांगा, भाषणावर भाषण, तरुणच देशाचं भविष्य आहेत, सत्कार, नारळ, पुन्हा भाषण. पोट्टे बिचारे टाळ्या वाजवून वाजवून थकले. संपल्यावर जे गेले ते गेलेच. आंदर कॅरम ठेवला, पेपर ठेवले, टेबल ठेवलं, कोणी फिरकनाच.

ओटा मात्र रिकामा राह्यला नाई. सकाळी चहा झाला का आम्ही बुढे येऊन बसाचो. गोमाजीभाऊ मधल्या खांबाले, मी त्यायच्या बाजूले, बाकीचे आपापल्या जागी. मस्त गोष्टी चालत. अन् उठताना गोमाजीभाऊ रोज आंदर डोकावून पाहात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजर फिरवत, अन् मान हलवत. मले कळे का मनातल्या मनात पोते रचून राह्यले. तिकडं वावरात धान लोंबीवर आलं होतं. पल्लवी येता-जाता आंदर पाहे अन् तिचं तोंड उतरे. मले विचारे, चाचा, काऊन येत नसंतीन. मी म्हणे, आजकालच्या पोट्ट्यायले मोबाइल पायजे, माणूस नाई पायजे. असं म्हणलं का ओट्यावरचे सगळे हाव हाव म्हणत. आमाले ते पटे, कारण त्यात आमचं काही चुकत नव्हतं.

एक दिवस मी घरी शबनमवर चिडलो. म्हणलं तुह्यासाठी मी एवढं केलं, उन्हातान्हात उभा राह्यलो, अन् तू एक दिवस जात नाई, काऊन जात नाई वं. तिनं भाजी निवडणं थांबवलं अन् मराठीत सुरू झाली. म्हणे, जाचं कसं अब्बा, जाले ओट्यावरूनच जा लागते, ओट्यावर तुमी सगळे बसता, अन् जो जाते त्याले विचारता. गोमाजी आबाजीची नात आचल परवा गेली होती, तिले तुमीच विचारलं ना का बारावीत किती पडले. ती तिथूनच वापस गेली. अन् आंदर जाऊन तरी काय, सगळ्यायचं तोंड त्या स्टेजकडं, कोणी एकमेकाले दिसत नाई, तिथं बसलं का वाटते आता कोणीतरी भाषण देईन. आमाले पाहाले जागा नाई पायजे, आमाले बसाले पायजे. मी तं आचलले मायेनंच विचारलं होतं. म्हणलं बरं, मंग तू जातेस तरी कुठी. ती म्हणे कुठंच नाई. तिकडून हमीदा स्वयंपाकघरातून म्हणे, कुठंच नाई कशी, रोज दळण घेऊन जाते ना.

आता हे ऐका. आमी भात खाणारे लोक. पोळी म्हणजे पाहुणे आले तं. आमच्या घरी रोज दळण कोणतं. मी दुसऱ्या दिवशी गिरणीच्या समोर सायकलवाल्याच्या दुकानात पंक्चर काढाले म्हणून जाऊन बसलो, पंक्चर काही नव्हतं. पाहतो तं काय, गावातल्या साऱ्या जवान पोट्टी हातात इवले इवले डब्बे घेऊन गिरणीच्या पायरीवर. एकीच्या डब्ब्यात तं बेसनाले पुरन एवढी चण्याची डाळही नसंन. गिरणी घरघर करून राह्यली, अन् यायचं बोलणं चालू. काय बोलतात ते पायरीच्या पलीकडं कोणालेच ऐकू येत नाई, त्या गिरणीवाल्यालेही येत नाई. कोणी विचारलं तं दळणाले आलो. गिरणीले दोन वाटा, इकडून कोणाचा बाप येताना दिसला का तिकडून निघाच्या. अन् माही शबनम तिथं बसून हात हलवून हलवून काहीतरी सांगून राह्यली होती, घरी जी पोट्टी एक शब्द बोलत नाई ती. पोट्टे पाह्यले तं तेही नहराच्या पुलियावर तसेच, दोन्हीकडून वाट मोकळी, पाण्याचा आवाज, अन् तोंडं एकमेकाकडं. मी त्या सायकलवाल्याच्या दुकानात बसून कपाळाले हात लावला. जलमभर माणसं बसवली मी, पन सगळी पाहाले आलेली माणसं बसवली. नुसतं बसाले आलेलं माणूस कसं बसते, हे मी कधी पाह्यलंच नव्हतं.

पल्लवीले जाऊन सांगितलं. ती माह्यापेक्षा हुशार, तिनं सभा-बिभा काही बोलावली नाई, ती आपला डब्बा घेऊन गिरणीवर गेली अन् त्या आवाजात मोठमोठ्यानं ओरडून पोट्टीयले विचारलं का बाई गं तुमाले काय पायजे ते सांगा. तिथं सगळ्या बोलल्या. मांगून दार पायजे. स्टेज नको. कोणी काही विचाराचं नाई. म्याडमले बोलावलं. मले वाटलं आता ती म्हणन सांगत होती ना मी. ती काही म्हणाली नाई, स्कुटीच्या डिक्कीतून तोच जुना नकाशा काढला अन् माह्या हातात दिला, अन् हसली. मीबी हसलो, दुसरं काय करता.

स्टेज फोडलं तवा मात्र जिवाले लागलं हो. पहिला घण मीच मारला, दुसऱ्यानं मारलेला मले पाहवला नसता. त्याच विटायचे कोपऱ्यात कट्टे बांधले, एकमेकाकडं तोंड करून, मांगं भिंत टेकाले. मांगच्या भिंतीत म्याडमनं जिथं दाखवलं तिथं दार काढलं, ते गल्लीत निघते. पंचायतीची शुद्ध पाण्याची मशीन चौकात बसणार होती, ती पल्लवीनं त्या मांगच्या दाराजवळ बसवली, म्हणजे पोट्टी कॅन घेऊन निघाली तं कोणी विचारणार नाई का कुठी चालली. अन् हवेसाठी मी नवीन पंखे आणले होते, बिनआवाजाचे, तं पोट्टी म्हणतात चाचा हे नको, तुमच्या बिछायतीतला तो जुना मोठा कुलर द्या. म्हणलं अरे तो तं असा खडखड करते का लग्नात लोक शिव्या देतात. त्या म्हणाल्या, तोच पायजे. आता थंडीतही चालू असते, पाणी न टाकता.

राह्यला ओटा. पल्लवी म्हणे, बुढ्यायले सांगू का आता इथं बसू नका म्हणून. म्हणलं खबरदार, हे काम माह्यावर सोड. बसस्टॉपच्या समोर कडुनिंब आहे, त्याच्या बुडाशी मी चांगला रुंद पार करून घेतला, वर जाड सतरंजी टाकली, पाण्याचा माठ ठेवला, थुंकाले बाजूले वाळूचा डब्बा ठेवला. अन् मी एकटाच तिथं जाऊन बसलो. पहिल्या दिवशी कोणी नाई आलं. मंग दुपारच्या बसमधून कोणाचे पाहुणे उतरले हे मी चौकात जाऊन सांगितलं, अन् ओट्यावरच्यायले माहीत नव्हतं. ते त्यायले सहन झालं नाई. हळूहळू एक एक जण उठून आला. बस कोणती आली, कोण उतरलं, कोणाच्या हातात मिठाईचा डब्बा होता, सगळं तिथून दिसते. गोमाजीभाऊ सगळ्यात शेवटी आले, बसले, आजूबाजूले पाह्यलं, म्हणाले, इथं वारा बरा आहे.

मंग पोट्टी याले लागल्या, मंग पोट्टेही आले. शबनम पहिल्या दिवशी कॅन घेऊन गेली अन् कॅन भरून वापस आली. दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन गेली, अन् आलीच नाई. हमीदा म्हणे पाणी नाई घरात. म्हणलं हँडपंपाचं पी आज, काही मरत नाई.

पन गोमाजीभाऊ विसरणारे नव्हते. धान निघालं, मळून-चुरून झालं, अन् एका दुपारी ट्रॅक्टर भरून चौकात उभा. वर पोते, मांगं मजूर, समोर गोमाजीभाऊ. पल्लवी पंचायतीतून पळत आली, मी पारावरून उठून गेलो, अर्धं गाव जमा झालं. गोमाजीभाऊ सरळ ओटा चढले अन् त्यायनं दार उघडलं. आम्ही मांगं. आंदर कुलर खडखड करून राह्यला, कट्ट्यायवर दहा-पंधरा जण, कोणी पुस्तक घेऊन, कोणी कॅरमवर, कोणी नुसतंच भिंतीले टेकून. सगळ्यायनं दाराकडं पाह्यलं. कोपऱ्यातून आचल म्हणाली, आबाजी, चपला बाहेर काढा. गोमाजीभाऊले आजपर्यंत देवळाशिवाय कुठी कोणी चपला काढाले सांगितलं नव्हतं. त्यायनं खाली पाह्यलं, चपला काढल्या, बाहेर ठेवल्या, वापस आंदर आले. मंग सवयीनं विचारलंच, काय करून राह्यले रे तुमी इथं.

मंग माही शबनम उभी राह्यली. मले वाटलं हिचा आवाज निघतच नाई आता, एवढ्या लोकायच्या समोर. पन निघाला. म्हणे, काही नाई आबाजी, आम्ही बसून राह्यलो. गोमाजीभाऊ म्हणाले, बसून काय करता. ती म्हणाली, बसतो.

त्यायनं तिच्याकडं पाह्यलं, आचलकडं पाह्यलं, पूर्ण खोली एकदा नजरेनं मोजली, जशी रोज मोजत होते. अन् बाहेर आले. चपला घालता घालता पल्लवीले म्हणाले, रिकामं राह्यलं तं, असं ठरलं होतं. रिकामं नाई. मंग ट्रॅक्टरवाल्यावर ओरडले, इथं काय तमाशा पाहून राह्यला, घे घराकडं, माहा कोठा काय मेला का. सगळा राग त्या बिचाऱ्या ट्रॅक्टरवाल्यावर निघाला. पल्लवी तिथंच ओट्यावर बसली अन् पदरानं तोंड पुसत राह्यली, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणलं, बाई, राह्यली तुही सरपंचकी.

तं आता असं चालू आहे. शबनम पुन्हा पहाटे नहराच्या रस्त्यानं पळाले जाते, गावातल्या लहान पोट्टीयले संग घेऊन जाते, त्यायले शिकवते. पुढची भरती देणार आहे का नाई, मले माहीत नाई. विचारत नाई मी. लय कठीण आहे हो न विचारणं, जेवताना जिभेवर येते, पाण्याच्या घोटासंग गिळतो. हमीदा म्हणते एवढ्या वर्षात तुमी पहिल्यांदाच गप बसाले शिकले.

परवा मले राहवलं नाई, म्हणलं कुलरचा पट्टा ढिला झाला असंन, पाहून येतो. मांगच्या दारातून डोकावलो. आंदर चांगलं हसणं-खिदळणं चालू होतं, मी दिसलो का बंद. शबनम उठून दारात आली, माह्या खांद्याले हात लावला अन् म्हणे, अब्बा, कुलर ठीक आहे, तुमी घरी जा बरं. अन् दार लोटून घेतलं. म्हणजे जिले घराबाहेर निघ निघ म्हणून मी वर्षभर डोकं आपटलं, तिनं मलेच बाहेर काढलं. मी गल्लीत उभा राह्यलो तं आंदर पुन्हा हसणं सुरू झालं, त्यात तिचा आवाज सगळ्यात मोठा. काय सांगू तुमाले, नवरदेवाच्या सोफ्यावर बसल्यावरही मले एवढं बरं वाटलं नव्हतं.

तुमी म्हणता इमारत दाखवा. दाखवतो, पन बाहेरून दाखवतो, ओट्यावरून. आंदर जाऊ नका, तुमाले पाहून गप होतीन ते. बसू दे बाप्पा त्यायले. अल्ला त्यायले सुखी ठेवो, अन् देवही ठेवो, दोघं मिळून ठेवो. तुमी चला, पारावर बसू, आता नागभीडची बस येईन.